जपानने काय जपले? जुन्या वस्तूंचा संग्रह आणि बौद्ध दृष्टी

'संग्रह' हा शब्द बौद्ध माणसाला थोडा अडचणीचाच वाटतो. तथागतांनी तृष्णेला दुःखाचे मूळ म्हटले. भिक्खूला तीन चीवरे, एक भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचे फडके एवढ्याच आठ वस्तू बाळगण्याची मुभा होती. मग ज्या देशात चौदाशे वर्षांपासून बौद्ध धम्म नांदतो आहे, त्या जपानमधल्या जुन्या मूर्ती, कापडे, मातीची भांडी आणि बाहुल्या जगभरचे हौशी लोक का गोळा करतात? स्वतः जपानी लोकांनी त्या कशा जपल्या? आणि आपल्यासारख्या, ज्यांच्या पूर्वजांकडे जपून ठेवण्याजोगे काही राहू दिले गेले नाही अशा समाजाने त्यातून काय शिकावे? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजले आहे. कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ साली उभे राहिल्यापासून जपानविषयीचे कुतूहल आपल्या मुलांमध्ये वाढले आहे, म्हणूनही हा विषय निवडला.

कोठारातली पहिली नोंद

जपानमधील सर्वांत प्रसिद्ध जुना संग्रह नारा शहरी आहे. तोदाइजी या महाविहाराच्या आवारात शोसोइन नावाचे एक लाकडी कोठार आहे. जमिनीपासून उंच खांबांवर, ओंडक्यांवर ओंडके रचून ते बांधले आहे. या विहारातील प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा विधी इसवी सन ७५२ मध्ये झाला आणि तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्खूच्या हस्ते झाला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल.

पुढे ७५६ साली सम्राट शोमू निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वापरातल्या सहाशेहून अधिक वस्तू या बुद्धमूर्तीला दान केल्या. त्यांत वाद्ये होती, आरसे होते, शस्त्रे होती, इराण आणि मध्य आशियाच्या वाटेने आलेल्या कलाकुसरीच्या वस्तू होत्या. दानाची रीतसर यादी केली गेली आणि ती यादीही आजवर शिल्लक आहे.

या यादीत पहिली नोंद सोन्याची नाही, रत्नांची नाही. पहिली नोंद आहे नऊ चीवरांची. भिक्खूचे चीवर हे टाकून दिलेल्या चिंध्यांचे असावे, हा मूळ आदर्श. स्मशानात, उकिरड्यावर पडलेले कापड उचलायचे, धुवायचे, रंगवायचे आणि शिवायचे. पालीत त्याला पांसुकूल म्हणतात. सम्राटाची चीवरे अर्थातच रेशमाची होती. पण त्यांतही निरनिराळ्या रंगांचे तुकडे जोडल्यासारखी वीण मुद्दाम साधली होती. सत्तेच्या शिखरावर बसलेल्या माणसाने चिंध्यांचे रूप शिरोधार्य मानले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात रेशमाची चिंधी आणि गरिबाची चिंधी यांत फरक आहेच. त्याकडे आपण पुढे येऊ.

शोसोइन हजार वर्षांहून अधिक काळ टिकले त्याचे कारण केवळ लाकूड नव्हे. कोठाराला सम्राटाच्या परवानगीवाचून उघडता न येणारे कुलूप होते, वस्तू पेट्यांत होत्या आणि काय आत आहे याची लेखी नोंद होती. आता या वस्तू नव्या, सुरक्षित इमारतींत आहेत. वर्षातून एकदा, कोरड्या हवेच्या दिवसांत, त्यांची तपासणी होते. त्यांतल्या थोड्या वस्तू १९४६ पासून शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात लोकांना दाखवल्या जातात.

मूर्ती बाजारात आल्या

हा इतिहास अखंड जतनाचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. १८६८ साली मेइजी राजवट आली. नव्या सरकारने शिंतो आणि बौद्ध परंपरा वेगळ्या करण्याचा हुकूम काढला आणि त्यातून बुद्धविहारांवर हल्ल्यांची लाट उसळली. हजारो विहार बंद पडले. मूर्ती फोडल्या, जाळल्या किंवा कवडीमोलाने विकल्या गेल्या. सूत्रग्रंथांची रद्दी झाली. ज्या देशाला आपण बौद्ध देश म्हणतो, त्या देशात हे दीडशे वर्षांपूर्वी घडले.

नेमक्या याच काळात युरोप-अमेरिकेतले संग्राहक जपानमध्ये उतरले. अर्नेस्ट फेनोलोसा हा अमेरिकन तरुण १८७८ साली तोक्योच्या विद्यापीठात शिकवायला आला. विल्यम बिगेलो हा डॉक्टर १८८२ मध्ये आला. दोघांनी प्रचंड संग्रह केला आणि तो पुढे बोस्टनच्या संग्रहालयात गेला. दोघांनी १८८५ साली बौद्ध दीक्षाही घेतली. त्यांनी वस्तू वाचवल्या की देशाबाहेर नेल्या? आमच्या मते दोन्ही खरे आहे. विकणारा हतबल असताना जो खरेदी करतो, त्याच्या पुण्याचा हिशेब सोपा नसतो.

फेनोलोसाचा विद्यार्थी आणि सहकारी ओकाकुरा काकुझो याने या प्रश्नाची दुसरी बाजू ओळखली. वस्तू देशात राहायच्या असतील तर कायदा हवा. १८९७ साली जपानने जुने विहार व देवळे यांच्या रक्षणाचा कायदा केला. ओकाकुरा १९०१ च्या अखेरीस भारतात आला, बोधगयेला गेला आणि आशियाच्या कलेचा धागा भारतापर्यंत पोचतो हे त्याने जगाला सांगितले.

हा धागा थेट महाराष्ट्रात येतो. होर्युजी विहाराच्या मुख्य सभागृहातली भित्तिचित्रे आणि आपल्या अजिंठ्याची चित्रे यांतले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. अराइ काम्पो हा जपानी चित्रकार पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात आला आणि अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात सहभागी झाला. तोक्योला नेलेल्या त्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजीची मूळ भित्तिचित्रेही आगीत होरपळली. या धक्क्यातून १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा नवा, व्यापक कायदा झाला. सारे संस्कार अनित्य आहेत हे आपण रोज म्हणतो. वस्तूही अनित्य आहेत. पण अनित्य आहे म्हणून निष्काळजी राहावे, असे तथागतांनी कुठेही सांगितलेले नाही. त्यांचा अखेरचा उपदेश तर अप्रमादाचाच होता.

भाताचे साधे भांडे

यानागी सोएत्सु (१८८९ ते १९६१) यांचे नाव जुन्या जपानी वस्तूंच्या अभ्यासात टाळताच येत नाही. मोठ्या कलावंतांच्या सहीच्या वस्तू मागे टाकून ते शेतकऱ्याच्या घरातले मडके, कोळ्याचा अंगरखा, चहाची किटली यांच्या शोधात फिरले. कुंभार मित्र हामादा शोजी आणि कावाइ कांजिरो यांच्यासह त्यांनी १९२५ च्या सुमारास 'मिंगेइ', म्हणजे सामान्य लोकांची कला, हा शब्द रूढ केला. १९३६ साली तोक्योत लोककलेचे संग्रहालय उघडले. ते आजही चालू आहे.

क्योतोच्या दाइतोकुजी विहारातल्या एका उपविहारात किझाएमोन नावाचे चहाचे भांडे आहे. ते राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित आहे. सरदारांनी, व्यापाऱ्यांनी ते जिवापाड सांभाळले. यानागींनी १९३१ साली ते हातात घेऊन पाहिले आणि लिहिले की हे तर कोरियातल्या गरिबाचे भाताचे भांडे आहे. कोणा अनाम कुंभाराने घाईघाईत केलेले, तळाशी खडबडीत, चिरा दिसणारे. त्याच्या मनात 'सुंदर' काही करायचे नव्हते, 'मी' हे केले असा अहंकार नव्हता, म्हणून ते सुंदर झाले, असे यानागींचे म्हणणे. अनात्मवादाची ही एक वेगळीच शिकवण आहे.

तरीही आम्हाला येथे थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. कोरियाची भांडी जपानमध्ये इतकी कशी आली? काही व्यापाराने आली. पण १५९२ ते १५९८ या काळात हिदेयोशीने कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या आणि परतताना जपानी सरदारांनी कोरियन कुंभारांना धरून आणले. जपानी चिनीमातीच्या प्रसिद्ध आरिता भांड्यांची सुरुवातच अशा कुंभारांनी केली. १९१० पासून तर कोरिया जपानच्या गुलामीत होता. यानागींनी या जुलमाविरुद्ध लेखणी चालवली, १९२२ मध्ये सेऊलचे जुने राजद्वार पाडण्यास जाहीर विरोध केला, १९२४ मध्ये तेथेच कोरियन लोककलेचे संग्रहालय काढले. हे त्यांचे मोठेपण. पण कोरियन कलेत 'दुःखाचे सौंदर्य' आहे हे त्यांचे मत पुढे अनेक कोरियन विचारवंतांना रुचले नाही. दुसऱ्याच्या दुःखाला सौंदर्य म्हणण्याचा अधिकार संग्राहकाला कोणी दिला, असा तो सवाल होता. आपल्याला तो सवाल चटकन समजतो. आपल्या दारिद्र्याची छायाचित्रे दिवाणखान्यात लावणारे आपणही पाहिले आहेत.

बोरो : गरिबाची वाकळ

आता चिंध्यांकडे परत येऊ. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी हा अतिथंड प्रदेश आहे. तिथे कापूस पिकत नाही. शेतकरी तागासारख्या झाडाच्या धाग्याचे विरविरीत कापड विणत. दक्षिणेकडून जहाजांतून जुने सुती कपडे आणि चिंध्या विकायला येत, त्याच त्यांच्या लेखी मोलाच्या. बायका त्या चिंध्या ठिगळावर ठिगळ लावून, त्यावर धाव-टाके घालून अंगरखे आणि पांघरुणे शिवीत. या टाक्यांना साशिको म्हणतात आणि अशा ठिगळांच्या कापडाला बोरो म्हणतात. एकेक पांघरूण तीन-चार पिढ्यांना पुरे. आपली वाकळ ती हीच.

जपान श्रीमंत झाला तशी लोकांना या चिंध्यांची लाज वाटू लागली. घरोघरी बोरो जाळले गेले. तानाका चुझाबुरो (१९३३ ते २०१३) हे आओमोरीचेच एक गृहस्थ खेड्यापाड्यांत हिंडून म्हाताऱ्या बायांकडून हे कपडे मागून घेऊ लागले. नुसते कपडे नव्हेत, ते कोणी शिवले, कोणी वापरले, कशासाठी, हेही त्यांनी विचारून ठेवले. घरातल्या माणसांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून केलेले कापड बाळंतपणात अंथरत आणि नवे मूल त्यावर जन्म घेई, हे आज आपल्याला कळते ते अशा नोंदींमुळे. त्यांच्या संग्रहातील ७८६ साशिको कपड्यांना १९८३ साली जपान सरकारने महत्त्वाच्या लोकवारशाचा दर्जा दिला. जे जाळायचे होते ते राष्ट्राचा ठेवा ठरले. तोक्योच्या आसाकुसा भागात २००९ पासून त्यांचा संग्रह एका संग्रहालयात मांडलेला होता. ते २०१९ साली बंद झाले. संग्रह उभा करण्याइतकेच तो टिकवणे कठीण असते.

येथे विनयपिटकातली एक कथा आठवते. कोसंबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आयुष्मान आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली. एवढ्या वस्त्रांचा हा भिक्खू व्यापार करणार की काय? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे विरली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीच्या खोळी. खोळींचे? जमिनीवरची अंथरुणे. त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी, आणि फडकी फाटली की त्यांचे तुकडे चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

संग्रहाचा बौद्ध नियम याहून स्पष्ट कोणता असेल? वस्तू किती आहेत हा प्रश्न दुय्यम. ती कोणाच्या कामी येते आणि तिचा शेवटचा धागाही वाया जातो का, हा खरा प्रश्न. जी वस्तू साठवून कुलपात टाकली आणि कोणाच्या ज्ञानात भर पडली नाही, ती तृष्णा. जी जपली, समजून घेतली आणि दहा जणांना दाखवली, ते जतन.

बाहुल्या आणि तीन मार्च

जपानी बाहुल्यांचा संग्रह हाही जगभर मोठा छंद आहे. ३ मार्चला मुलींच्या सणानिमित्त घरोघरी पायऱ्यांच्या मांडणीवर राजा, राणी आणि दरबाऱ्यांच्या बाहुल्या मांडतात. जुन्या झालेल्या बाहुल्या कचऱ्यात फेकत नाहीत. क्योतोच्या होक्योजी या विहाराला लोक 'बाहुल्यांचा विहार' म्हणतात. तिथे दरवर्षी १४ ऑक्टोबरला, म्हणजे योगायोगाने आपल्या धम्मदीक्षेच्या तारखेस, जुन्या बाहुल्यांना निरोप देण्याचा विधी होतो. बाहुलीत जीव असतो ही समजूत आपल्या बुद्धीला पटणार नाही. पण ज्या वस्तूने लेकराला सोबत केली तिच्याविषयी कृतज्ञ राहावे, ही भावना समजण्यासारखी आहे.

बाहुल्यांनी द्वेषाचे दिवसही पाहिले. १९२७ साली अमेरिकेतल्या मुलांनी मैत्रीची खूण म्हणून जपानी शाळांना बारा हजारांहून अधिक निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या पाठवल्या. जपानने उलट ५८ मोठ्या, सुंदर बाहुल्या पाठवल्या. पुढे युद्ध पेटले. शत्रूच्या बाहुल्या म्हणून शाळांतून त्या जाळल्या, फोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी जीव धोक्यात घालून त्या माळ्यावर, कपाटामागे लपवल्या. अशा सुमारे तीनशे बाहुल्या आज शिल्लक आहेत. आमच्या दृष्टीने ते शिक्षक हेच खरे संग्राहक.

३ मार्च या तारखेला आपल्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. मेलेली जनावरे ओढणे, कातडे कमावणे अशा कामांमुळे जपानमध्येही एक समाज अस्पृश्य ठरवला गेला होता. त्याला आज बुराकू समाज म्हणतात. १८७१ च्या हुकमाने कायद्यातला भेद गेला, व्यवहारातला राहिला. या समाजाने ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत 'सुइहेइशा', म्हणजे सर्वांना एका पातळीवर आणणारी संघटना, स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट.

सामुराईंची जुनी चिलखते आज संग्राहक लाखो रुपये मोजून घेतात. त्यांतले कातडे कमावणाऱ्याचे नाव कोणत्याही चिलखतावर नाही. विहारात घुमणाऱ्या ढोलाचे कातडे कोणी ताणले हे कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून बुराकू समाज आणि इतर वंचितांचा इतिहास सांगणारे मानवी हक्क संग्रहालय १९८५ साली ओसाकात उभे राहिले. पुढे सरकारी मदत थांबली, जागेचा वाद न्यायालयात गेला आणि २०२० साली त्याचे दार बंद झाले. सम्राटाच्या वस्तू साडेबाराशे वर्षे टिकल्या, वंचितांचे संग्रहालय पस्तीस वर्षांत बंद पडले. संग्रहाचा इतिहास म्हणजे कोणाची आठवण राहावी याचा इतिहास असतो, हे यावरून कळते.

आपण काय करावे?

आपल्याकडे सम्राटाचे कोठार नाही. पण चंद्रमौळी घरातही काही ना काही असते. आजीची वाकळ, जाते, जलशाच्या गाण्यांची वही, १९५६ च्या दीक्षेला नेसलेले पांढरे लुगडे, मोर्चाचे पत्रक, जुनी निमंत्रणपत्रिका. घर नवे बांधताना हे सारे बाहेर फेकले जाते. नागपूरजवळ चिचोली येथे शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. त्या कोणी तरी वेळीच जपल्या म्हणून आज आपण पाहू शकतो.

जतनाच्या काही साध्या गोष्टी सांगतो. प्रत्येक वस्तूची नोंद वहीत करावी. नाव, गाव, साल, कोणी केली, कोणी वापरली, कोणाकडून मिळाली. रोज खतावण्यांत बसणाऱ्या आमच्यासारख्याला एवढे नक्की ठाऊक आहे की तारीख आणि नाव नसलेल्या नोंदीला पुढे काही किंमत राहत नाही. कापड प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये, धुतलेल्या सुती फडक्यात सैल गुंडाळावे. जपानी विहारांत कोरड्या दिवसांत ग्रंथ आणि वस्त्रे बाहेर काढून सावलीत हवा देतात. आपणही पावसाळा संपल्यावर तसे करावे. कडक उन्हात मात्र ठेवू नये, रंग उडतो. फाटलेले चिकटपट्टीने जोडू नये.

मूर्तींबाबत विशेष काळजी घ्यावी. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व शिल्पे हा पुरातन वारसा आहे. तो खाजगी रीतीने देशाबाहेर नेता येत नाही. शेत नांगरताना मूर्ती किंवा नाणी सापडली तर ती विकू नयेत, तहसील किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. १८६८ नंतर जपानी विहारांतून मूर्ती ज्या भावाने गेल्या, त्या भावाने आपला वारसा आपल्याच हातून जाऊ नये.

आपल्या संस्थेच्या वाचनालयात एक कपाट आणि एक नोंदवही एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. कोठार नंतर बांधता येईल. ज्यांना आठवते ती माणसे मात्र फार दिवस थांबणार नाहीत, म्हणून वही आधी उघडावी.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. तृष्णा आणि जतन यांतला फरक आनंद व राजा उदयन यांच्या कथेच्या आधारे सांगा.
२. शोसोइनच्या यादीतली पहिली नोंद कोणती? तिचा अर्थ काय?
३. बोरोची लाज वाटणे आणि बोरोचा अभिमान वाटणे, या दोन्हींची कारणे लिहा.
४. आपल्या घरातील एक जुनी वस्तू निवडा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून तिची संपूर्ण नोंद दहा ओळींत लिहा आणि ती वाचनालयात आणून द्या.